सेटलमेंटची वही

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी तो बरोबर आणून सोडतो. पाटीवर नाव आहे सेटलमेंट फ्री कॉलनी. त्यातल्या ‘फ्री’वर आता कुणी थांबत नाही. पण तो शब्द आला तो शेजारी तारेचं कुंपण होतं म्हणून; फ्री म्हणजे कुंपणाबाहेरची.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही त्यात आला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे अशी माणसं सोलापूरच्या कुंपणात, म्हणजे सेटलमेंटमध्ये, आणून ठेवली, गिरणीत कामाला लावली. ठरल्या वेळी हजेरी. नाव पुकारलं की ‘हजर’. बाहेर जायचं तर पास. गावात चोरी झाली की आधी या नोंदींची वही उघडायची आणि तिच्यातलीच माणसं उचलायची. उचललं की वहीत आणखी एक ओळ, आणि पुढच्या वेळी तीच ओळ संशयाला पुरेशी.

कृत्रिम बुद्धिमत्तेतला पूर्वग्रह समजावून सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकतं, म्हणून त्या नोंदींतला संशयही शिकतं. जुन्या नोंदींवरून पुढचा गुन्हा कुठे होईल ते सांगणारं ‘प्रेडपोल’ हे सॉफ्टवेअर लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये बंद केलं. कारण दिलं खर्चाचं. पण तिथले रहिवासी त्याआधी काही वर्षं त्याविरुद्ध भांडत होते. अशा यंत्रणांच्या आखणीत वंचितांना सामील करून घ्या, असं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी युनेस्कोच्या नोव्हेंबर २०२१ च्या शिफारशीतही आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायला ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली, तेव्हा हा विषय आता आपल्या दारातलाच.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, आणि त्यातून सुटलेल्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. विमुक्त दिन त्याचाच. वही गेली नाही. सराईत गुन्हेगारांची नोंद ठेवणारा मुंबईचा कायदा १९५९ चा. विमुक्तांना मनमानी अटक होता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही पोलिसांना बजावावं लागलं.

मग असल्या नोंदी यंत्राला शिकवूच नका, पुसून टाका, असं आपण बाहेरचे चटकन म्हणतो. मीही म्हणायचो. पण विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा लागतो. पालं टाकत फिरलेल्यांकडे घरपट्टीची पावती कुठली? एवढा जुना सरकारी कागद असलाच, तर तो बहुधा त्याच वहीतला. आज्याला ज्या पानाने डांबून ठेवलं, त्याच पानावर नातवाची फी माफ होऊ शकते. ते पान पोलिसांच्या यंत्रापासून लांब ठेवायचं, तहसीलदाराला मात्र दाखवायचं. आणि कुणाला किती दाखवायचं, हे ज्याचं नाव त्यावर आहे त्याच्या घरात बसूनच ठरवावं लागेल.