फ्रीझरमध्ये ठेवलेलं खेळण्यातलं अस्वल स्वच्छ होतं का?

'मऊ खेळणं धुतलं की बिघडतं, पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सगळे जंतू मरतात.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं थोडंसंच खरं आहे, आणि तेही जंतूंबद्दल नाही.

थंडीने मरतात ते धुळीतले माइट्स, डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव. त्यालाही साधारण उणे १८ अंशांत निदान २४ तास लागतात. खेळणं गुबगुबीत असेल तर आतलं भरण गार व्हायलाच वेळ जातो, म्हणजे एक रात्र अपुरीच. शिवाय ॲलर्जी होते ती मुख्यतः माइट्सच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. माइट्स मेले तरी ती कापडात तशीच राहतात. जीवाणू तर थंडीत बरेचसे नुसते निपचित पडतात. प्रयोगशाळांत ते टिकवायला गोठवूनच ठेवतात! आणि वाळलेली लाळ, सांडलेलं दूध? ते जागचं हलत नाही.

तेव्हा धुणं टळत नाही. ६० अंशांच्या पाण्यात माइट्स मरतात. लेबलवर एवढं गरम पाणी चालत नसेल, तर आधी फ्रीझर, मग कोमट पाणी. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं की मशीनच्या हळू चक्रात बहुतेक खेळणी सुखरूप राहतात; आवाज करणारी, सेलवर चालणारी मात्र फक्त ओल्या फडक्याने पुसावीत.

खरी कसोटी वाळवण्याची. वरून कोरडं, आतून दमट राहिलं तर बुरशी धरते. म्हणून सकाळीच धुवा, टॉवेलात दाबून पाणी काढा. रात्री झोपताना मुलांना ते खेळणं हवंच असतं!