चौक (अरुंद घरातील)

घराच्या पोटात आकाशाकडे उघडी ठेवलेली जागा. शब्दाची परंपरा संस्कृत ‘चतुष्क’, प्राकृत ‘चउक्क’ अशी आहे. चौकाच्या घराचे मूळ बृहत्संहितेतील (सु. सहावे शतक) चतुःशाल गृहात शोधण्याचा प्रघात आहे. खानदेशातील जुन्या पेठांमधल्या घरांना मात्र तो पुरता लागू पडत नाही. चतुःशालात चौकाच्या चारी बाजूंना सोपे (चौकाकडे उघडी दालने) लागतात. 15 फूट रुंदीच्या जागेत ते मावणारच नाहीत. शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, पुढे ओटी वा दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये उघडी जागा, ही मांडणी द्विशालाला (दोनच बाजूंना दालने असलेल्या घराला) अधिक जवळची वाटते. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत हेच काम लहान प्रमाणावर छतातील साणे, म्हणजे उजेडासाठी ठेवलेले भोक, करते.

जागा 15 × 60 फूट असेल, तर भिंती वजा जाता आत साडेतेरा फूट उरतात. खिडकीची वरची कड 7 फुटांवर असल्यास कामापुरता उजेड साधारण 15 फूट आत पोहोचतो. पुढचा-मागचा उजेड मिळूनही मधले 30 फूट अंधारेच राहतात. तेथे 4 फुटांची वाट सोडून 9 × 8 फुटांचा चौक बसतो.

जळगाव सुमारे 21° उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 45° वर असतो. त्यामुळे दक्षिणोत्तर 8 फूट चौकात ऊन उत्तरेच्या भिंतीवर वरच्या 8 फुटांपुरतेच उतरते. मेअखेर सूर्य थेट माथ्यावर येऊन फरशी तापवतो. हवे तेव्हा ऊन नाही, नको तेव्हा आहेच. म्हणून उन्हाळ्यापुरती काढघाल करता येणारी तट्टी किंवा कापड ताणतात आणि भिंतींना पांढरा चुना देतात. पॉलिकार्बोनेटचा पत्रा कायमचा बसवल्यास गरम हवा कोंडते. बसवायचाच तर कठड्यापासून दीड फूट वर, बाजू उघड्या ठेवून. उन्हाळी वारा मुख्यतः पश्चिमेचा, त्यामुळे त्या बाजूला उंच, खोल छज्ज्याचे झरोके सोयीचे.

चौकाची फरशी खोल्यांपेक्षा 4 इंच खाली घेतात. तासात 50 मिमी पाऊस झाला तर एवढ्या चौकात सुमारे 335 लिटर पाणी साचते. गच्चीचा उतारही आत असल्यास त्याच्या अनेक पट. निचऱ्याला 110 मिमी नळी, तोंडाशी जाळी. खरी अडचण नळीच्या सांध्याची: तापीकाठच्या काळ्या मातीत तो झिरपला की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मधल्या भिंतीला तिरपी भेग जाते. म्हणून चौकाखाली सांधा न ठेवता नळी सलग बाहेर नेऊन भोवती मुरूम भरतात.