काउंटी बाहेर पडली म्हणून उद्यापासून बस बंद?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: 'काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्ह्याने) प्रादेशिक वाहतूक भागीदारी सोडली, की दुसऱ्याच दिवशी बस बंद आणि वाहतुकीचा करही माफ.' रोज बसने जाणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. पण तसं होत नाही.

ही भागीदारी, म्हणजे आजूबाजूच्या काउंटी-शहरांनी मिळून चालवलेली वाहतूक सेवा, लेखी करारावर चालते. बाहेर पडायची रीतही सहसा त्यातच असते: आधी नोटीस, मग ठरलेली मुदत. तोवर बस धावत राहते. एकत्र काढलेलं कर्ज असेल, तर त्यातला वाटा नंतरही फेडावा लागू शकतो. म्हणून कर आपोआप सुटत नाही. हा कर अनेक ठिकाणी विक्रीकरातूनच घेतला जातो, तेव्हा दुकानाच्या पावतीवरचा विक्रीकराचा टक्का बघत राहा.

खरी काळजी वेगळीच आहे. अपंगांसाठीच्या १९९०च्या कायद्यामुळे बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात, बसने जाऊ न शकणाऱ्यांना आधी सांगून बोलावता येणारी गाडी द्यावी लागते. पुढे कधी तो मार्गच बंद झाला, तर त्या पट्ट्यातलं हे बंधनही जातं. याबद्दल मात्र फॉरवर्डमध्ये चकार शब्द नसतो!

पडताळायचं असेल तर काउंटीच्या वेबसाइटवर मूळ करार उघडा, 'विथड्रॉअल' (बाहेर पडणं) हे कलम शोधा आणि नोटीस कोणत्या तारखेची आहे ते बैठकीच्या इतिवृत्तात पाहा.