श्वास सोडताना नाडी का मंदावते?

"दिवसभर सासूबाईंच्या मागे धावतेच आहे, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. धावपळ होते, हे खरंच. पण ती कसली? रात्री दचकून उठणं, कडी लावली का बघणं, तोच प्रश्न विसाव्यांदा ऐकणं. शरीराच्या लेखी हा चोवीस तासांचा पहारा असतो.

त्याची किंमत १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मोजली गेली. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची देखभाल करणाऱ्या १३ स्त्रियांच्या आणि साधारण त्याच वयाच्या इतर १३ जणींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

हा पहारा घडीभर तरी उठवता येतो का? मनगटावर दोन बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. आत घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सोडताना मंदावते. (साठीनंतर हा फरक कमी जाणवतो.) हृदयाचा स्वतःचा ठेका मिनिटाला शंभराच्या आसपास असतो, मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची चेता (नस) त्याला ब्रेक लावून सत्तरवर आणते. श्वास आत घेताना ब्रेक सैल होतो, सोडताना पुन्हा लागतो. मला सर्वात विलक्षण वाटतो तो ब्रेकचा वेग. व्हेगसच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पाझरतं, हृदयपेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि पुढच्याच ठोक्याला फरक पडतो. मग एक विकर (एन्झाइम) ते रसायन लगेच तोडून टाकतं. ताणाच्या वेळचं नॉरॲड्रेनॅलिन इतकं चपळ नाही, त्याला काही सेकंद लागतात. म्हणून एकेका श्वासागणिक नाडी हलते ती मुख्यतः व्हेगसमुळे. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. या लयीत रक्तदाबाची नैसर्गिक लाट, म्हणजे त्याचा आपोआप होणारा सावकाश चढउतार, आणि श्वास जुळतात आणि नाडीचा हेलकावा सर्वात मोठा होतो.

मात्र श्वासाने स्मृतिभ्रंश उलटवल्याचे व्हिडिओ निव्वळ थापा आहेत. आणि "कुणीतरी करणी केली" म्हणणारे तर रुग्णाचे उपचारच लांबवतात.

श्वास घडीपुरता आहे. दम कमवायला चालावंच लागतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगात देखभाल करणाऱ्या स्त्रियांनी वर्षभर, आठवड्यातून चार वेळा, तीस ते चाळीस मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम केला. मार्गदर्शन फोनवरून होतं, कारण घर सोडून वर्गाला जाणं त्यांना जमणारं नव्हतं. ताणाच्या प्रसंगी त्यांचा रक्तदाब पूर्वीइतका चढेना आणि झोपही सुधारली.

त्या चाळीस मिनिटांत सासूबाईंजवळ कोण बसणार, हे आधी ठरवावं लागेल. नवरा, नणंद, शेजारच्या काकू, कुणीही. वार आणि वेळ नक्की करून.