जुन्या कम्पाउंड बोचं वय आणि त्यावरचा नंबर : पार्श्वभूमी

न्यू जर्सीतल्या भाच्याने गॅरेज सेलमधून ४० डॉलरला एक कम्पाउंड बो (टोकांना चाकं लावलेलं धनुष्य) उचलला आणि रात्रीच व्हॉट्सॲपवर फोटो धाडले. लाकडी रायझर (मुठीचा मधला भाग), दोन गोल चाकं, पोलादी केबल, आणि जिथे स्ट्रिंग केबलला अडकते तिथे थेंबाच्या आकाराची धातूची कडी. खाली मेसेज : "मामा, सिरीयल नंबर सापडला. ३४८६४९५. आता साल सांग."

तो सिरीयल नंबर नव्हता. पिवळ्या पडलेल्या स्टिकरवरचा हाच आकडा त्या काळातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या अगणित बोंवर आहे. जुन्या कम्पाउंडचं वय काढताना होणारा सगळ्यात मोठा घोळ हाच, आणि त्याचं मूळ १९६० च्या दशकात आहे.

मिसुरी राज्यातल्या एका हौशी शिकाऱ्याने रिकर्व्हची, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याची, टोकं कापून तिथे चाकं बसवली. चाकाचं भोक मधोमध न पाडता एका बाजूला पाडल्यावर गंमत जमली : पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार उतरू लागला. जून १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि ३० डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. त्याचा क्रमांक ३४,८६,४९५. स्वतः मोठा कारखाना काढण्याऐवजी त्याने दुसऱ्यांना परवाने दिले. त्यामुळे सत्तरच्या दशकात ज्याने ज्याने रीतसर कम्पाउंड बनवला, त्याच्या बोवर या एका माणसाचं पेटंट आलं.

आकडा एवढा ठळक का छापला, हे कळायला अमेरिकेचा पेटंट कायदा थोडा बघावा लागतो. पेटंटच्या मालावर क्रमांक टाकला नाही, तर नक्कल करणाऱ्याला वेगळी नोटीस जाईपर्यंतच्या काळाची नुकसानभरपाई हातची जाते. ही अट मालकाला आहे तशी परवानाधारकालाही आहे. म्हणजे स्टिकरवरचा तो नंबर गिऱ्हाइकासाठी नव्हताच. तो शेजारच्या कारखानदाराला आणि त्याच्या वकिलाला वाचायला लावलेला होता. वकिलांचं काम काही कमी पडलं नाही. परवान्याच्या पैशांवरून आणि पेटंट मुळात टिकतं का यावरून वाद कोर्टात गेले. शोध लावणारा १९७९ मध्ये मोटार अपघातात वारला, पेटंटची मुदतही संपली, तरी खटले चालूच होते. "चाकं लावण्यात कसलं आलंय पेटंट" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो युक्तिवाद पटत नाही. धनुष्य हजारो वर्षांचं, कप्पीही हजारो वर्षांची. दोन्ही एकत्र आणून भोक सरकवायला १९६६ उजाडावं लागलं.

वय काढायला मात्र हा "चुकीचा" नंबर बऱ्यापैकी उपयोगी पडतो. तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे. म्हणजे हा आकडा असलेला बो १९६९ संपण्याआधीचा नसतो, आणि १९८६ संपल्यावर तो आकडा छापण्याचं कारणही उरलं नाही. शिल्लक स्टिकर कुणी पुढेही चिकटवले असतील, एवढी सूट ठेवायची. चाकं चार किंवा सहा असतील तर बो बहुधा सत्तरच्या पूर्वार्धातला. दोन चाकांची सुटसुटीत रचना त्यानंतर रुळली. भाच्याचा बो यावरून सत्तरच्या उत्तरार्धात किंवा ऐंशीच्या अगदी सुरुवातीला बसतो. याहून नेमकं साल त्या स्टिकरकडून मिळत नाही.

पेटंटचं साल बोचं साल समजण्याची चूक कम्पाउंडच्याही आधीची आहे. मिशिगनमधल्या एका नावाजलेल्या कारखान्याच्या रिकर्व्हवर कॅनडाच्या पेटंटचं साल १९५३ असं छापलेलं असे. सत्तरच्या दशकातला बो "१९५३ चा अँटिक" म्हणून विकायला काढणारे आजही भेटतात, आणि त्यातले निम्मे तरी खरंच तसं मानत असतात. त्याच कारखान्याच्या मालात १९६५ ते १९६९ या काळात सिरीयलचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असे : ७ म्हणजे १९६७. इतकी सरळ पद्धत पाच वर्षंच टिकली. पुढच्या मालाला पत्त्याचा आधार घ्यावा लागतो. कारखाना १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला हलला. लेबलवर मिशिगनचं ग्रेलिंग असेल तर बो त्याआधीचा.

मग खरा सिरीयल नंबर कुठे असतो, आणि तो एवढा बेभरवशाचा का? कारण तो टाकण्याची सक्ती कुणी केलीच नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नव्या बंदुकीवर सिरीयल नंबर आवश्यक झाला. धनुष्य त्या व्याख्येत नाही. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने नंबर टाकले : कुणी लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) हाताने लिहिले, कुणी रायझरवर कोरले, कुणी लिंब पॉकेटच्या (लिंब रायझरला बसते त्या खाचेच्या) आत बोटाएवढं स्टिकर लावलं. हे नंबर वॉरंटीच्या कामासाठी होते. वॉरंटी बहुतेक ठिकाणी पहिल्या मालकापुरतीच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला त्या नंबरातून काय कळेल याचा विचार कुणी केला नाही.

त्यात लिंब बदलतात. लिंबला तडा गेला की कंपनी नवी जोडी पाठवते आणि नव्या लिंबवर नवं स्टिकर येतं. अशा वेळी लिंबवरचा नंबर एका वर्षाचा आणि रायझरवरचा दुसऱ्या. माझ्या मते बोचं वय म्हणजे रायझरचं वय, पण विकणारा नेमका लिंबच्या स्टिकरचा फोटो पाठवतो, कारण तोच समोर दिसतो.

नव्वदच्या दशकापासून नंबरापेक्षा सुटे भाग जास्त बोलतात. १९९२ मध्ये सिंगल कॅम (एकाच टोकाला कॅम, म्हणजे पूर्ण गोल नसलेलं चाक) आला. वर साधं गोल चाक आणि खाली मोठा कॅम असेल तर बो त्याच्या आधीचा नाही. पोलादी केबल जाऊन सिंथेटिक आल्या. ओतीव मॅग्नेशियमच्या रायझरची जागा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मशीनवर कापलेल्या रायझरने घेतली. झाडाच्या सालीसारख्या छापाचे दोन मोठे कॅमो (शिकाऱ्याला लपवणाऱ्या रंगांचे) ब्रँड १९८६ मध्ये निघाले, त्यामुळे त्या छापाचा बो "सत्तरचा" असूच शकत नाही. नंतर कॅमचे हायब्रिड, बायनरी असे नवे प्रकार आणि जवळजवळ आडव्या लिंब आल्या. पेटंटचे आकडे मात्र बोवरून कमी होत गेले, कारण २०११ च्या दुरुस्तीनंतर मालावर वेबसाइटचा पत्ता दिला तरी चालतं.

"मॉडेल इयर" हाही एक फसवा शब्द. नवी मॉडेल्स आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जाहीर होतात. २०१२ च्या नोव्हेंबरात कारखान्यातून निघालेला बो २०१३ चा म्हणून विकला जातो, आणि चांगलं खपणारं मॉडेल दोन-तीन वर्षं तसंच राहतं, फक्त रंग बदलतात. म्हणून जाणकार आधी जुना कॅटलॉग काढून रंग आणि कॅम जुळवतात, नंबर नंतर बघतात.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला. पोरं इंडियन राऊंड या देशी स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्यावर हात बसवतात, आणि बांबूला कसला आलाय नंबर. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कम्पाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं महाराष्ट्रात आली, एक साताऱ्याच्या मुलीचं, एक नागपूरच्या मुलाचं. त्यानंतर कम्पाउंडची चौकशी वाढली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कम्पाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार हे ठरल्यावर ती आणखी वाढली. नवा सेट परवडत नाही, म्हणून वापरलेला बो हातोहात फिरतो, आणि बिल कुणाकडेच नसतं.

माझ्याकडे फोटो येतात तेव्हा मी तीन मागतो : लिंब पॉकेटमधलं स्टिकर, कॅमवरची अक्षरं, आणि लिंबच्या टोकांचा जवळून फोटो. स्टिकरवर पाउंडेज (ओढायला लागणारा जोर), ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे येते) आणि बहुधा स्ट्रिंग-केबलची लांबी असते. नवी दोरी मागवायला तीच लागते, सालावाचून अडत नाही. भाच्यालाही तेच सांगितलं, वर ताकीद दिली की ती पोलादी केबल बदलल्याशिवाय ओढायचा नाही. त्याने तो भिंतीला टांगलाय.