उंचीची किंमत मागणारे औषध

वासरांमध्ये एक चमत्कारिक आजार दिसतो. जन्मतः वासरू धडधाकट असते, पण काही महिन्यांनी त्याचे मागचे पाय आखूड राहू लागतात आणि पाठ तरसासारखी मागे उतरते. पशुवैद्यांनी या आजाराला ‘हायना रोग’ असेच नाव दिले आहे. कोवळ्या वयात दिलेले ‘अ’ जीवनसत्त्वाचे अतिरेकी डोस हे त्याचे एक कारण आहे. वासरांच्या हाडांत जे घडते, ते मुलांच्याही हाडांत घडू शकते.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची (कार्टिलेजची) एक पातळ पट्टी असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यातल्या पेशी एकीखाली एक रांगेने उभ्या असतात. त्या विभागतात, फुगतात, आणि त्यांनी रचलेल्या साच्यावर हाड चढते. पट्टी शाबूत आहे तोवर उंची वाढते. वयात आल्यावर संप्रेरकांमुळे तिचेही हाड होते, आणि त्यानंतर कोणतेही टॉनिक उपयोगी पडत नाही.

रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाची भावंडे असलेली औषधे. ती या पट्टीवर थेट काम करतात. १९५२ मध्ये केंब्रिजला ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी कोंबडीच्या गर्भातली कोवळी हाडे काचपात्रात वाढवून त्यात ‘अ’ जीवनसत्त्व जास्त घातले, तेव्हा कूर्चेचा गर विरघळून गेला. कूर्चापेशींमध्ये रेटिनॉइक आम्लाचा ‘गॅमा’ नावाचा ग्राहक, म्हणजे ते आम्ल जिथे चिकटते तो रिसेप्टर, असतो. एरवी तो रिकामा असतो आणि त्यामुळेच पेशी कूर्चा बनवत राहतात. बाहेरून रेटिनॉइड येऊन त्याला चिकटले की हे काम थंडावते आणि पट्टी वेळेआधी मिटू शकते.

माणसातले उदाहरण १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचेच्या जन्मजात आजारासाठी आइसोट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्या एका मुलाची गुडघ्याजवळची पट्टी अकाली मिटली होती. पायाची बहुतेक लांबी गुडघ्याच्या आसपासच वाढते, म्हणून हे नुकसान मोठे. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगातही हेच औषध फार मोठ्या मात्रेत देतात. त्यातून वाचलेल्या काही मुलांची हाडे वयापेक्षा लवकर पिकलेली आढळली आहेत. इथे जीव वाचणे पहिले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खरा पेच आहे तो एफओपी (फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा) या अतिदुर्मिळ आजारात. एसीव्हीआर१ या जनुकातल्या बदलामुळे स्नायूंमध्ये आधी कूर्चा तयार होते, मग तिचे हाड होते, आणि सांधे एकेक करून कायमचे जखडतात. पॅलोव्हॅरोटिन हे रेटिनॉइड त्याच गॅमा ग्राहकाला चिकटून ही नको असलेली कूर्चा रोखते. पण नको असलेली कूर्चा आणि उंची देणारी कूर्चा यांतला फरक औषधाला कळत नाही. चाचण्या चालू असताना काही मुलांच्या पट्ट्या मिटू लागल्या, आणि २०१९ च्या अखेरीस १४ वर्षांखालील मुलांना हे औषध देणे थांबवावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेने ते मंजूर केले, तेही मुलींना ८ आणि मुलांना १० वर्षांपुढेच. युरोपने त्याच वर्षी परवानगी नाकारली. जखडलेले शरीर की खुंटलेली उंची, हा निर्णय आईवडिलांवर टाकणे फार क्रूर आहे. निदान उपचाराआधी हाताचे आणि गुडघ्याचे एक्स-रे, आणि नंतर ठरावीक काळाने उंचीची नोंद, यात हयगय होता कामा नये.

यावरून कोणी घाबरून नेहमीची औषधे टाकू नयेत. मुरमांसाठी आइसोट्रेटिनॉइन सहसा १२ वर्षांखाली देत नाहीत. त्याची मात्रा कमी असते आणि ते काही महिनेच घ्यायचे असते, त्यामुळे हा धोका विरळा. लावायच्या रेटिनॉइड मलमांतून रक्तात फारच थोडे औषध जाते. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने पाजले जाणारे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस तर मोजूनमापून ठरवलेले आहेत, आणि ते डोळे वाचवतात. सांभाळायचे ते बाजारातून आपल्या मनाने आणलेल्या जास्तीच्या गोळ्यांपासून. मुलाला आधीपासून अशा गोळ्या चालू असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना ते आठवणीने सांगा.