घर सोडून निघालेली मुले-मुली (मराठवाडा)

घरातली मारहाण, दारू, लैंगिक अत्याचार, लादलेले लग्न, सावत्र वागणूक किंवा जातीबाहेरच्या प्रेमाला झालेला विरोध यांमुळे घराबाहेर पडलेल्या आणि त्यानंतर डोके टेकायला हक्काची जागा न उरलेल्या, साधारण बारा ते पंचवीस वर्षे वयाच्या मुलामुलींची अवस्था. मराठवाड्यात या अवस्थेला स्वतःचे असे नाव नाही. पोलीस ठाण्यात मुलगा ‘कोणास काही एक न सांगता घरातून निघून गेला’ असतो. तो अठरा वर्षांखालचा असेल तर फिर्यादीत ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ असे येते. गाव म्हणते ‘पळून गेला’ किंवा ‘पळून गेली’, आणि या दोहोंचा अर्थ एक नसतो. मुलगा पळाला तर तो वांड, अभ्यासाला कंटाळलेला. मुलगी पळाली तर तिच्यामागे कोणी पोरगा असणारच, असे धरून चालतात. घरानेच त्यांना बाहेर ढकलले असेल, ही शक्यता यांतल्या एकाही शब्दप्रयोगात मावत नाही. पुढची बहुतेक गफलत तिथूनच सुरू होते.

‘फूस लावून’ या शब्दांमागे कायद्याचे कारण आहे. हरवलेल्या प्रत्येक अल्पवयीन मुलाबाबत गुन्हा नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले. त्यामुळे तक्रार झाली की अपहरणाचे कलम लागते. याचा फायदा मोठा: ‘येईल दोन दिवसांत, वाट बघा’ असे म्हणून बापाला परत पाठवता येत नाही. पण कागदावर अपहरण आले की तपास पळवून नेणाऱ्याचा सुरू होतो, आणि मूल स्वतःच्या पायांनी का निघाले हा प्रश्न मागे पडतो.

घर का सुटते

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोली आणि नांदेड या आठ जिल्ह्यांत घर सुटण्याची कारणे इतर कुठल्याही प्रांतासारखीच आहेत. त्यांना धार येते ती इथल्या जगण्यातून. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि हिशेब ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, होतो. लेकरे एकतर कारखान्याच्या तळावर कोपीत (मजुरांच्या झोपडीत) राहतात किंवा गावात आजीपाशी. पाच-सहा महिने आईबापांशिवाय काढणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घर म्हणजे कुलूप लावलेली खोली आणि थकलेली आजी एवढेच उरते. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची भीती वाटते, आणि लग्न लावले की एक नवा कोयताही तयार होतो.

बालविवाह हे मराठवाड्यात मुलींचे घर सुटण्याचे मोठे कारण आहे, आणि त्याकडे त्या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) वीस ते चोवीस वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होते; परभणी जिल्ह्यात ते 48 टक्के आणि बीडमध्ये सुमारे 44 टक्के निघाले. यातली एखादी मुलगी हळदीच्या आदल्या दिवशी निघते, एखादी लग्नानंतर सहा महिन्यांनी सासरहून. दुसरीची अडचण जास्त अवघड. माहेर तिला पुन्हा सासरी पोचवते, सासर पुन्हा मारते, आणि दोन उंबरठ्यांमध्ये ती कुठल्याच घरची राहत नाही. ‘दिल्या घरी सुखी राहा’ हे वाक्य इथे आशीर्वाद म्हणून बोलले जाते. सोळा वर्षांच्या मुलीने ते दार बंद झाल्याचा आवाज म्हणून ऐकलेले असते.

दारू आणि नापिकी यांचे नाते सांगायला नको. कर्जापायी बापाने जीव दिला की घर चुलत्यांकडे किंवा मामाकडे विखुरते, आईचे दुसरे लग्न लागले तर मुले मागे राहतात. भावकीत वाढणारे पोर जेवायला बसले की ताटाकडे कोणाचे लक्ष जाते, हे त्यालाच कळते. मूल बोलले तर ‘गावातच मिटवा’ म्हणून बैठक बसते. बैठकीत चुलता असतो, सरपंच असतो, क्वचित मारणाराही असतो.

तृतीयपंथी मुलांचे घर सर्वांत लवकर सुटते. बायकी चालतो म्हणून आधी शाळेत, मग घरात मार खाऊन ती पंधरा-सोळाव्या वर्षी गुरूच्या आसऱ्याला जातात. गुरू-चेला परंपरेने त्यांना छप्पर, नाव आणि नाते दिले, हे कबूल केलेच पाहिजे. त्याबरोबर बाजार मागणे (दुकानोदुकानी पैसे मागणे) आणि देहविक्रीही आली. तुळजापूरच्या परिसरातली आराधी परंपरा किंवा खंडोबाच्या वाघ्या-मुरळी यांच्यातही घरात न मावलेली काही माणसे पूर्वापार सामावली गेली. परक्या घरी वाढणे या मातीला नवे नाही. गंगाखेडच्या जनाबाईंना लहानपणी वडिलांनी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवले, असे परंपरा सांगते.

निघाल्यावर

दप्तरात एक शर्ट, चार्जर, जमलेच तर दहावीची गुणपत्रिका, आणि खिशात घरातल्या डब्यातून किंवा मोंढ्यावर हमाली करून जमवलेले दोन-तीनशे रुपये. कंडक्टरने ‘कुठं रे?’ विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘मामाकडं.’ मामा असो वा नसो. मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या बसस्थानकावर शेवटची मुक्कामी गाडी लागून गेल्यावर थांबून पाहावे. फलाटावर झोपलेल्या प्रवाशांच्या उशाला गाठोडे असते. घर सोडून आलेला पोरगा मात्र आडवा होत नाही. तो मोबाइल चार्जिंगच्या खांबाला टेकून बसतो, कारण तिथे उजेड असतो आणि ‘गाडीची वाट बघतोय’ म्हणता येते. पहारेकऱ्याची काठी वाजली की उठून पाणपोईपर्यंत जाऊन येतो. अशी तिसरी-चौथी रात्र झाली की चहाच्या टपरीवाल्याला सगळे कळलेले असते. पुढे काय होते ते पुष्कळदा या टपरीवाल्यावर ठरते. तो बिस्कीटपुडा देऊन नाव-गाव विचारतो, किंवा सकाळपासून कपबशा विसळायला लावतो.

वाटा रुळांनी ठरवल्या आहेत. मनमाड ते हैदराबाद हा निजामाच्या काळात 1900 च्या सुमारास झालेला मीटरगेज मार्ग 1990 च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने रुंद झाला आणि जालना, परभणी, नांदेड थेट मुंबईला जोडले गेले. देवगिरी, नंदीग्राम या गाड्यांच्या साध्या डब्यात बिनतिकीट पोर एका रात्रीत कल्याण-दादरला उतरते. लातूर आणि धाराशिवकडचे पुण्याला जाते, नांदेडचे सिकंदराबादलाही. रेल्वे सुरक्षा दल स्थानकांवर सापडलेल्या मुलांसाठी 2018 पासून ‘नन्हे फरिश्ते’ ही मोहीम चालवते.

सगळेच दूर जात नाहीत. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर कोणालाही जात, गाव, कारण न विचारता मिळतो. परळी-तुळजापूरसारख्या ठिकाणी अन्नछत्रे आणि फुले-प्रसादाच्या दुकानांवर वरकाम मिळते. जालन्याच्या लोखंड कारखान्यांत, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात, महामार्गावरच्या धाब्यांवर ‘राहणं-खाणं आमच्याकडं’ या बोलीवर पोरगा ठेवून घेतात. ही बोली आकर्षक असते आणि धोक्याचीही: काम सुटले की त्याच दिवशी छप्परही सुटते, म्हणून पगार बुडवला तरी मूल बोलत नाही.

खरी संख्या मात्र फलाटावर दिसत नाही. अठरा-वीस वर्षांचे तरुण शहरात मित्राच्या खोलीवर ‘दोन दिवसांसाठी’ येतात आणि महिनाभर राहतात. खोलीमालकाने पाहिले की दुसऱ्या मित्राकडे. लातूरमध्ये शिकवण्यांचा, छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षांचा बाजार आहे, आणि रात्रभर उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका हा या मुलांचा न बोललेला निवारा झाला आहे. महिन्याची फी भरली की खुर्ची, पंखा, पाणी आणि संडास मिळतो. टेबलावर डोके ठेवून झोपलेल्या मुलाकडे पाहून कोणालाही वाटते, पोरगं अभ्यास करून थकलंय. दिवाळीला सगळे गावी गेले की तो एकटा मागे राहतो, तेव्हा कळते. मुलींना एवढीही सोय नाही. रात्री अभ्यासिकेत किंवा फलाटावर बसलेल्या मुलीला कोणी सुखाने बसू देत नाही. म्हणून ती पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी आधाराला जाते, आणि हा आधार देणाऱ्याला ती कोणत्या अडचणीत आहे हे नेमके ठाऊक असते.

कायदा आणि यंत्रणा

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार घरातून पळून आलेले अठरा वर्षांखालचे मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आहे. ते गुन्हेगार नाही. ते सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असून चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा असतो. अठराच्या आत लग्न होण्याचा धोका असलेली मुलगीही याच व्याख्येत येते, त्यामुळे हळदीच्या घरातून निघालेल्या मुलीला समितीकडे थेट दाद मागता येते. मुलांसाठी 1098 हा मोफत क्रमांक आहे. तो 1996 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 2023 पासून शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालतो, 112 शी जोडलेला आहे. नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलासाठी राज्याच्या बाल संगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात.

कायद्याचा कल मूल घरी परत देण्याकडे आहे, आणि तो चुकीचा नाही. पण त्यासाठी घरची चौकशी मनापासून व्हावी लागते. प्रत्यक्षात बाप समितीपुढे हात जोडून उभा राहतो, ‘पुन्हा हात लावणार नाही’ असे लिहून देतो, मूल मान खाली घालून ‘जातो’ म्हणते आणि प्रकरण निकाली निघते. तेच मूल पुन्हा निघते तेव्हा मागच्यापेक्षा लांब जाते, आणि विचारले तर खोटे नाव सांगते. मूल किती दिवसांत घरी पोचले यावर काम मोजणे सोपे असते; सहा महिन्यांनी ते घरात आहे का, हे मोजायला गावात जावे लागते. गाव पातळीवर बाल संरक्षण समिती आहे, ग्रामसेवकाकडे बालविवाह रोखण्याचा अधिकार आहे, अंगणवाडी सेविकेला घरोघरचे ठाऊक असते. त्यांतली अंगणवाडीताई एकटी खमकी निघाली तरी मूल वाचते, अशी उदाहरणे गावोगाव सापडतात.

अठरा पूर्ण झाले की हे सारे दार मिटते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला अनुरक्षणगृहाची आणि आर्थिक मदतीची सोय आहे, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. ती बालगृहात राहिलेल्यांसाठी आहे. एकोणिसाव्या वर्षी बापाच्या काठीला कंटाळून निघालेला तरुण तिच्यात बसत नाही. मुलीला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने वडिलांविरुद्धही दाद मागता येते, सखी केंद्र (संकटातल्या स्त्रीसाठीचे शासकीय मदत केंद्र) आणि शक्तिसदन (स्त्रियांचे निवारागृह) यांचा आधार असतो. आंतरजातीय विवाह करणाऱ्या सज्ञान जोडप्यांसाठी जिल्हावार सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सुचवले. सज्ञान मुलासाठी मात्र उरतो तो नगरपालिकेचा बेघर निवारा. लाख वस्तीमागे शंभर जणांचा असा एक निवारा असावा, असे केंद्राच्या योजनेत ठरले होते. तिथे तो वृद्ध, आजारी, व्यसनी माणसांच्या शेजारी झोपतो आणि दुसऱ्या रात्री फलाटावर परत येतो.

संस्था

मराठवाड्यातली आसऱ्याची परंपरा मोठ्या आपत्तींतून वाढली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात सुमारे 8,000 माणसे गेली. पोरक्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे केले, भारतीय जैन संघटनेने शेकडो मुले पुण्याला नेऊन शिकवली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचे ‘शांतिवन’, अनाथ-वंचित मुलांसाठी गेवराईचे ‘बालग्राम’, एचआयव्हीबाधित मुलांसाठी औसा तालुक्यातल्या हासेगावचे ‘सेवालय’ आणि बीडजवळ पालीचे ‘इन्फंट इंडिया’ ही नावे आदराने घेतली जातात. अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’ने घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी काम केले.

या कामांच्या मुळाशी असलेली करुणा अनाथाकडे सहज वळते. आईबाप गेलेल्या लेकरासाठी गाव धान्य देते, देणगीदार येतो, राज्याने 2018 मध्ये शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षणही ठेवले. आईबाप हयात असून ज्याला त्यांच्याजवळ राहता येत नाही, त्याला पहिला प्रश्न येतो: ‘घरी माणसं असून इथं कशाला आलास?’ या मुलाचे पोरकेपण कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते.

दाखल्यांपाशीच पुष्कळांचे पाऊल अडते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डावरचे नाव, आधारला जोडलेला बापाचा मोबाइल, हे सगळे ज्या घरातून निघाले त्याच घरात राहते. त्यांशिवाय वसतिगृहात प्रवेश नाही, शिष्यवृत्ती नाही, कारखान्यात कायम काम नाही. मात्र घराशी एक धागा बहुतेकांचा टिकून असतो आणि तो आईच्या किंवा आजीच्या हातात असतो. बाप शेताला गेला की माय शेजारणीच्या फोनवरून मिसकॉल देते. पत्र्याच्या पेटीतून दाखला काढून, अंगणात पाटावर पसरून, शेजारच्या पोराकडून त्याचा फोटो काढून पाठवते आणि कागद परत घडी करून साड्यांच्या खाली ठेवून देते.